अंबाजोगाईचं जुनं घर रिकामं करायचंय, भंगारवाल्याला सगळं उक्तं देऊन टाकू का?

माळवदावरचा (छत्रपती संभाजीनगर)

नमस्कार मंडळी, जरा लांबड लावतोय, समजून घ्या. आमचं अंबाजोगाईचं घर विकलंय, दसऱ्याच्या आत ताबा द्यायचाय. वडील मागच्या वर्षी गेले, आई आता माझ्याकडं इकडं टू बीएचकेमध्ये येणार, आणि तिकडं चाळीस वर्षांचं सामान पडलंय. आमच्यात काही टाकून द्यायची पद्धतच नाही, श्रीखंडाचे डबेसुद्धा धुऊन ठेवलेले, पिशवीत पिशवी अन त्या पिशवीत अजून पिशव्या.

काल एक भंगारवाला बघून गेला. म्हणला सगळं उक्तं आठ हजार, दोन टेम्पो लावतो, संध्याकाळी घर झाडून देतो. ऐकायला लई बरं वाटलं खरं. पण मी सहज विचारलं टीव्हीचं काय करणार, तर म्हणला फोडणार, आतलं तांब्याचं वेटोळं काढून घेणार. आणि वायरी? जाळणार, नाल्याकडं. तो काळा धूर मला माहीत आहे, लहानपणी आम्ही त्या बाजूला क्रिकेट खेळायचो आणि धूर आला की नाक धरून पळायचो. म्हणून हो म्हणता म्हणता थांबलो.

आता काय काय आहे ते सांगतो. २१ इंची डब्बा टीव्ही, १९९८ चा बंद फ्रीज, पत्र्याचा कूलर, इन्व्हर्टरची मेलेली बॅटरी, बुटाच्या खोक्यात भरून ठेवलेले गेलेले सीएफएल अन ट्यूबलाईटी (का ठेवले होते देव जाणे). वडील आरोग्य खात्यात होते म्हणून पाऱ्याचं बीपी मशीन आहे, शिवाय त्यांच्या आजारपणातल्या औषधांची पिशवी, इन्सुलिनच्या सुया, वॉकर, वरखाली होणारा पलंग. २०१६ च्या दुष्काळात घेतलेले निळे ड्रम पाच, मांजरा धरण कोरडं पडलं होतं तेव्हा टँकर आला की गल्लीत ड्रमांची रांग लागायची, तेव्हाचे. शेत विकलं पण फवारणीचे डबे कोठीतच राहिले, त्यातला एक अर्धा भरलेला. कापसाच्या गाद्या सात, वाकळा, आजीची लुगडी, पितळी हंडे, घंगाळ, जातं, एक ट्रंक भरून कागद, आणि देवाचे फोटो, ज्यांना आई हात लावू देत नाही.

कुठं काय द्यावं? वेळ साधारण महिनाभर आहे आणि मी फक्त शनिवार रविवार जाऊ शकतो. फुकट द्यायची तयारी आहे, फक्त पुढं त्याचं वाटोळं होऊ नये आणि कुणाच्या जिवाला त्रास होऊ नये.

वायरमन_परभणी

दादा उक्तं देऊ नका. उक्त्यात तुमचं पितळ टीव्हीच्या भावात जातं आणि टीव्ही नाल्यात. अगोदर वेगळं करा, मग बोलवा.

माझं रिपेरिंगचं दुकान आहे, बावीस वर्षं झाली, त्यामुळं तेवढ्यापुरतं सांगतो. डब्बा टीव्हीची जी पिक्चर ट्यूब असते तिच्या काचेतच शिसं मिसळलेलं असतं, किलोच्या हिशोबात, आणि पडद्याला आतून पावडर असते. आत हवा नसते म्हणून हातोडा बसला की काच आतल्या आत ओढून घेते आणि मग चहूकडं उडते, माझ्याकडं कामाला होता त्या पोराच्या भुवईवर अजून खूण आहे. भंगारवाल्याला त्यातलं फक्त तांबं पाहिजे असतं, काच तो फेकणारच, त्याला तरी काय करायची.

फ्रीजच्या मागं पट्टी असते ती बघा. आर-१२ लिहिलेलं असेल तर तो ओझोनला भोक पाडणारा जुना गॅस आहे, आर-१३४ए असेल तर ओझोनला नाही पण हवा तापवायला लई जबर. दोन्हीत नळी कापली की फुस्स करून वर जातो. काढून भरून ठेवायचं मशीन असतं पण गल्लीतल्या भंगारवाल्याकडं कुठून येणार. आणि एक, फ्रीज अंगणात ठेवणार असाल तर आजच दार काढून टाका. लपाछपीत लेकरू आत बसलं की आतून दार उघडत नाही. हे मी उगीच सांगत नाही.

बॅटरी सगळ्यात सोपी. पन्नास साठ किलोची असती, निम्म्याच्या वर शिसंच, त्यामुळं तिला भाव आहे. बॅटरीच्या दुकानात द्या, नवी घेणाऱ्या कुणा पाहुण्याच्या नावावर दिली तर किंमत वळती करून घेतात. फक्त कुणी म्हणलं की पाणी ओतून रिकामी करून आणा, तर करू नका, ते पाणी नाही तेजाब आहे. काही लोकं गावात भट्टी लावून शिसं वितळवतात, त्यांना तर देऊच नका, भाव चार पैसे जास्त देतील तरी.

टीव्ही फ्रीजसाठी महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या साईटवर अधिकृत रिसायकलरची यादी आहे, संभाजीनगरच्या जवळचा बघा. तुम्ही राहताच तिकडं, आईचं सामान हलवताना त्याच टेम्पोत टीव्ही टाका की. कूलरची मोटर अन पत्रा मात्र बिनधास्त भंगारात, तिथं काही विष नाही.

माळवदावरचा

दार आजच काढायला सांगतो, शेजारची पोरं आमच्याच अंगणात खेळतात. ही गोष्ट डोक्यातच नव्हती. पण टीव्ही कंपनीच घेऊन जाते ना? मी कुठंतरी वाचलं होतं की कायदाच आहे.

वायरमन_परभणी

कायदा आहे पण बदललाय. २०१६ च्या नियमात कंपन्यांना गोळा करायचं टार्गेट होतं, म्हणून टोल फ्री नंबर, कलेक्शन सेंटर असं सगळं चालायचं. २०२२ चे नवे नियम १ एप्रिल २०२३ पासून लागू झाले, त्यात कंपनी रिसायकलरकडून सर्टिफिकेट घेऊन आपला हिशोब पुरा करते. म्हणजे तुमच्या दारात गाडी येईलच असं नाही. फोन लावून बघा, काही कंपन्या अजून येतात, पण तालुक्याला येतो म्हणणारा मला तरी अजून भेटला नाही. नवीन फ्रीज घेणार असाल तर एक्स्चेंजमध्ये द्या, तेवढं नक्की नेतात.

सिस्टर_लातूर

औषधांचं आणि बीपी मशीनचं मी सांगते, जिल्ह्याच्या ठिकाणी सरकारी नोकरी केली, आता निवृत्त आहे.

आधी मशीन. त्याच्या डब्यात साधारण ८० ते १०० ग्रॅम पारा असतो. थर्मामीटरमध्ये ग्रॅमभरसुद्धा नसतो, म्हणजे फरक लक्षात घ्या. मशीन उभं ठेवा, नळीच्या तळाशी बारकी चावी असते ती बंद करा, आणि जाड प्लास्टिकच्या पिशवीत घालून आडवं होणार नाही असं खोक्यात बांधा. मोठ्या हॉस्पिटलला घातक कचरा नेणारी गाडी येत असते, तिथल्या मेट्रन नाहीतर स्टोअरकीपरला भेटून विनंती करा, वडील खात्यातले होते म्हणल्यावर कुणी नाही म्हणणार नाही बहुतेक. हलवताना सांडलाच तर झाडू मारायचा नाही आणि व्हॅक्यूम तर अजिबात नाही, पारा बारीक होऊन हवेत जातो. खिडक्या उघडा, पंखा बंद, लेकरं बाहेर, मग दोन पुठ्ठ्यांनी थेंब एकत्र करा, उरलेले सुई नसलेल्या सिरिंजनं ओढा आणि पाणी घातलेल्या काचेच्या बरणीत झाकण लावून ठेवा. अंगठी, पाटल्या काढून ठेवा आधी, पारा सोन्याला धरतो. आमच्या वॉर्डात एका नवीन पोरीची अंगठी पांढरी पडली होती, लग्नातली होती बिचारीची.

सीएफएल आणि ट्यूबमध्येही पारा असतो, एका सीएफएलमध्ये चार पाच मिलिग्रॅम, म्हणजे थोडासाच, पण तुमचं तर बुटाचं खोकं भरलंय. खोकं तसंच बंद ठेवा, न फोडता द्यायचं. घंटागाडीवर ओला सुका सोडून वेगळा भाग असतो घरगुती घातक कचऱ्याचा, २०१६ पासून नियमच आहे तसा. गाडीवर तो भाग नसला तर गाडीवाल्याच्या हातात वेगळं द्या आणि तोंडानं सांगा काय आहे ते. त्यात बोटं घालणारा माणूसच असतो ना शेवटी.

सुया जाड प्लास्टिकच्या बाटलीत घालून झाकण चिकटवा, फिनेलची रिकामी बाटली चालते. शीतपेयाची नको, ती पातळ असते. हॉस्पिटलमध्येच द्या. न उघडलेल्या, मुदत असलेल्या पट्ट्या एखाद्या धर्मादाय दवाखान्यात विचारून बघा, पण अर्धवट बाटल्या कुणाला देऊ नका. आणि गटारात, संडासात औषधं टाकायची नाहीत, विशेष करून अँटिबायोटिक, तेच पाणी फिरून आपल्याकडं येतं आणि मग औषधं लागू पडत नाहीत म्हणून ओरडतो. याला एकच अपवाद, तीव्र वेदनेची मॉर्फिन, ट्रॅमाडॉल, फेंटानिलची पट्टी अशी औषधं. केंद्राच्या औषध नियंत्रण संस्थेनं २०२५ मध्ये १७ औषधांची यादी दिली, ती घरात पडून राहिली आणि चुकून कुणाच्या पोटात गेली तर एका गोळीतसुद्धा जीव जाऊ शकतो, म्हणून ती मात्र फ्लश करायची. तुमच्या पिशवीत आहेत का बघा.

पलंग आणि वॉकर विकू नका हो. रुग्णांना साहित्य वापरायला देणाऱ्या संस्था बहुतेक तालुक्यांत आहेत, तो पलंग महिनाभरसुद्धा रिकामा राहणार नाही.

माळवदावरचा

सिस्टर, मॉर्फिनच्या गोळ्या आहेत. शेवटच्या दोन महिन्यातल्या. पिशवी वर्षभर उघडलीच नव्हती कुणी. आजच करतो. बाकी खरं सांगायचं तर दोन चार पट्ट्या मी मागच्या महिन्यात संडासात टाकल्यात, साध्याच होत्या, आता नाही टाकणार.

रोखठोक_जालना

एवढं कोण करतं राव. महिनाभर शनिवार रविवार घालवून तुम्ही काय पृथ्वी वाचवणार का. भंगारवाला बिचारा गरीब माणूस, त्याचं पोट त्याच्यावर आहे, आणि आपल्याकडं रिसायकलिंग जे काही होतं ते तोच करतो, कुठली संस्था बिंस्था नाही. आठ हजार घ्या, मोकळे व्हा, आईला घेऊन या.

सिडकोवाला

भंगारवाला नको असं कुणीच म्हणालं नाही वरती, परत वाचा. लोखंड, पितळ, पत्रा, रद्दी त्याच्याइतकं चोख कुणी करत नाही, मान्य. पण टीव्हीची काच अन पारा त्यानं तरी कुठं न्यावा? तो फेकतो तिथं पण लोकं राहतात. आमच्या संभाजीनगरचा सगळा कचरा तीसेक वर्षं शेजारच्या नारेगावला जायचा, २०१८ च्या फेब्रुवारीत तिथल्या लोकांनी गाड्या अडवल्या तेव्हा आम्हाला कळालं की कचरा कुठंतरी जात असतो. कित्येक आठवडे कॉलनीच्या कोपऱ्यावर ढीग, नाक दाबून ऑफिसला जायचो, मार्चमध्ये तो कचरा दुसऱ्या बाजूला मिटमिट्याला न्यायला लागले तर तिथं दगडफेक, लाठीमार, सगळं झालं. तोपर्यंत मी पण तुमच्यासारखंच म्हणायचो, एवढं कोण करतं.

रोखठोक_जालना

बरं बाबा. पण पितळ तरी त्याला काट्यावरच द्या, स्वतःचा ताणकाटा घेऊन जा. आमच्या मामाला वीस किलोचं चौदा किलो करून दाखवलं होतं.

कोयत्याची_लेक (केज)

मी वाचत होते, लिहू का नको करत होते, लिहितेच.

गाद्या, वाकळा, लुगडी अन ड्रमाबद्दल. आमचे आईबाप ऊसतोडीला जायचे, दसरा दिवाळी झाली की टोळी निघायची सांगली कोल्हापूरकडं, कधी कर्नाटकात, पट्टा पडला, म्हणजे कारखाना बंद झाला, की उन्हाळ्यात माघारी. मी पण सातवीपर्यंत सोबत गेलेय, कोपीवर (तोडीच्या जागी राहायचं खोपट) लहान भावाला सांभाळायला. तर आम्ही निघायच्या आधी गावातल्या बायका बोलवून कपडे द्यायच्या. द्यायच्या म्हणजे काय, चेन तुटलेल्या पँटी, बटणं नसलेले झंपर, एकदा तर एकच चप्पल आली होती, डाव्या पायाची. माझी माय काही बोलायची नाही, घ्यायची, आणि वाटेत टाकून द्यायची, कारण गाडीत जागा किती असती, त्यात सहा महिन्याचा संसार बसवायचा असतो. म्हणजे तुमचा कचरा आम्ही वाहून नेऊन टाकायचा, असं होतं ते.

राग नाही कुणावर आता. पण द्यायचं असेल तर हे बघा. वाकळ द्या, पण धुऊन कडक ऊन दाखवून द्या, टाके निघाले असतील तर घालून. नदीकाठच्या फडात डिसेंबरात जी थंडी असती ती गावात बसून कळत नाही, दोन वाकळा असल्या तर लेकरं झोपतात, एक असली तर रात्रभर ओढाओढ. निळे ड्रम तर लाख मोलाचे, कोपीवर पाणी लांबून आणावं लागतं, साठवायला काही नसतं. पण आधी बघा त्या ड्रमात पूर्वी काय होतं, केमिकलचे ड्रम पण तसलेच निळे असतात, वास येत असेल तर माणसाच्या पाण्याला देऊ नका. ताडपत्री असेल तर तीही. नऊवारी लुगडं जुनं असलं तरी चालतं, मऊ असतं, बाळाची झोळी चांगली होते त्याची.

आणि देताना घरी बोलवून ओसरीखाली उभं करून देऊ नका. विचारा काय लागतंय. जे लागत नाही ते घेत नाहीत म्हणून नाराज होऊ नका.

माझा भाऊ अजून टोळीसोबत जातो, कारखाना सुरू व्हायच्या आधी गाडी भरतात. चालत असेल तर मी त्याला तुमच्या घरी पाठवते, तो बघून घेईल काय न्यायचं ते.

माळवदावरचा

ताई, नक्की पाठवा. मेसेजमध्ये पत्ता देतो. ड्रम पिण्याच्या पाण्यालाच वापरलेत आम्ही, २०१६ पासून दुसरं काही घातलं नाही, पण त्याच्या आधीचं काय माहीत नाही, आईला विचारतो. आणि आईला तुमचं लिहिलेलं वाचून दाखवलं. ती बराच वेळ काही बोलली नाही, मग म्हणली आपण पण दिलेत गं तसले कपडे. गं म्हणजे तुम्हालाच म्हणली ती, मला नाही.

सिस्टर_लातूर

ड्रमवरून आठवलं, आमच्या लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आलं त्या वर्षी, १२ एप्रिल २०१६ ला पहिली गाडी, दहा वाघिणी, पाच लाख लिटर. त्या उन्हाळ्यात एका एका घरानं दहा दहा ड्रम घेतले. आता त्यातल्या निम्म्यांमध्ये गच्चीवर पावसाचं पाणी साचून डास होतात. वापरात नसतील तर पालथे तरी घाला म्हणावं लोकांनी.

गादीवाल्याचा_नातू

कापसाच्या गाद्या टाकू नका कुणी. कापूस दबतो, मरत नाही. पिंजून घेतला की परत फुगतो, सातातल्या पाच तरी गाद्या निघतील, उरलेल्या कापसाच्या उशा. पिंजणाऱ्याला विचारा, आता मशीनवर करतात, दारात येणारे कमी झालेत. फोमची गादी असेल तर तिला मात्र कुणी विचारत नाही, आमच्याकडं पण नको.

मोडीवाचक (नांदेड)

ट्रंक!! ट्रंक कुणी उघडली का? सगळे टीव्ही अन गाद्यांवर बोलायलेत.

रद्दीत कागद घालू नका, हात जोडतो. २०२३ मध्ये मराठ्यांच्या कुणबी नोंदी शोधायला न्यायमूर्ती शिंदे समिती नेमली तेव्हापासून आख्ख्या मराठवाड्यात लोकं निजामकाळातले मोडी, उर्दू कागद शोधत फिरायलेत, आणि ज्यांनी किलोवर विकले ते कपाळावर हात मारायलेत. जातीच्या दाखल्याचं सोडा, जमिनीची वाटणी, खरेदीखत, खासरा, शेतसाऱ्याची पावती, शाळेचा उतारा, कशाला कधी काम पडेल सांगता येत नाही.

एक गंमत सांगतो, कागदावर सन १३५० नाहीतर १३४२ दिसला तर सातशे वर्षांपूर्वीचा समजू नका अन चुकीचा समजून फेकूही नका. तो फसली सन आहे, निजामाच्या राज्यात तोच चालायचा, त्यात ५९० मिळवा, म्हणजे १३५० चा कागद १९४०-४१ चा झाला. माझ्याकडं एकानं तसला कागद आणला होता, म्हणला देवगिरीच्या यादवांचा आहे हो. होता कापसाच्या पट्टीचा हिशोब.

लॅमिनेशन करू नका, सेलोटेप लावू नका, पिना काढा, मोबाईलवर उजेडात फोटो काढून ठेवा. वाचता येत नसेल तर पुराभिलेख खात्याचं कार्यालय तुमच्या संभाजीनगरातच आहे, तिथं विचारा. आणि वडिलांचा कॉम्प्युटर असेल तर त्यातली हार्ड डिस्क काढून मगच द्या, नुसतं फॉरमॅट केलं की पुसलं जात नाही. लोकं कागद जपतात अन आधार, पासबुक सगळं भरलेला डबा भंगारात देतात.

परळीची_सून

देवाच्या फोटोचं कुणी लिहिलं नाही. आमच्याकडं सासूबाई पिंपळाखाली ठेवून यायच्या, तिथं ढीग झाला, काचा फुटल्या, एका शेळीचा पाय कापला. आता आम्ही असं करतो की फोटोला हळदकुंकू वाहून, नमस्कार करून फ्रेम उघडायची, काच वेगळी, चौकट वेगळी, नुसता कागद बादलीत दोन दिवस भिजवायचा आणि लगदा झाला की पारिजातकाच्या मुळाशी. सासूबाईंना पटलं, कारण विसर्जनच आहे ते. प्लास्टिकचं आवरण असलेले फोटो भिजत नाहीत, ते मात्र अजून कपाटाच्या वर आहेत, खोटं कशाला बोलू.

पीओपीची मूर्ती असेल तर बादलीत अमोनियम बायकार्बोनेट घालून विरघळते, पुण्याच्या एनसीएलनं (राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा) काढलेली पद्धत आहे. मूर्तीच्या वजनाएवढी पावडर लागते, मधून मधून हलवत राहायचं, वास लई उग्र, अंगणातच करा. वरचं पाणी पातळ करून झाडांना चालतं.

घंगाळ मोडीत घालू नका हं. पितळ्याच्या दुकानात मोड म्हणून घट धरून भाव देतील, पण घंगाळ शोधणारे लोक आहेत, हॉटेलवाले, नवीन बंगलेवाले. आम्ही दिलं आणि आता पस्तावतो.

माळवदावरचा

पाच आठवड्यांनी लिहायलोय, उशिराबद्दल माफी. घर रिकामं झालं, परवा ताबा दिला.

टीव्ही, फ्रीज अन ट्यूबचं खोकं आईच्या सामानासोबत संभाजीनगरला आणलं. यादीतल्या रिसायकलरनं टीव्ही फ्रीज घेतले, पैसे नाममात्र, पण पावती दिली. ट्यूब घ्यायला तयार नव्हता, हो नाही करत शेवटी घेतल्या. बॅटरी मेव्हण्याच्या नव्या बॅटरीत वळती. पारा सिस्टरनी सांगितलं तसा बांधून जिथं वडील शेवटची काही वर्षं होते त्या हॉस्पिटलात दिला, तिथल्या जुन्या मावशींनी मशीन ओळखलं, झाकणावर वडिलांनी नेलपॉलिशनं नाव लिहिलेलं होतं. पलंग गेला, तिसऱ्याच दिवशी कुणाला तरी लागला म्हणून फोन आला.

केजच्या ताईंचा भाऊ आला होता, बायको सोबत होती. ड्रमाचं आईनं सांगितलं की दोन साबणाच्या कारखान्यातून आलेले होते, ते त्यांनी बाजूला ठेवले, तीन नेले. चार वाकळा नेल्या, आईनं आठ दिवस आधीपासून धुऊन गच्चीवर टाकल्या होत्या, एकीला नवीन काठ लावला. कपडे दाखवले तर वहिनी म्हणल्या हे नको, जड होतं. आई म्हणली बरं. मग चहा झाला. कूलरचा पत्रा न्यायचा का म्हणलं तर हसले.

ट्रंकेत फसली १३४४ ची एक पावती निघाली, पणजोबांच्या नावाची, उर्दूत आहे, पुढचं वाचून घ्यायचंय. हळदीच्या डब्यात पाचशेच्या जुन्या सात नोटा पण निघाल्या, त्यावर आईचं अन माझं भांडण झालं ते इथं लिहीत नाही.

उरलेलं लोखंड, पत्रा, थोडं पितळ त्याच भंगारवाल्याला दिलं, आमच्या ताणकाट्यावर. अकरा हजार दोनशे झाले. त्याचं तोंड पडलं होतं पण नेलं. जातं नवीन मालकांनी ठेवून घेतलं अंगणात. घंगाळ माझ्या बाल्कनीत आहे, आईनं त्यात तुळस लावलीय, बायको अजून काही बोललेली नाही.

राहिला फक्त तो फवारणीचा डबा. लेबल अर्धं फाटलंय, लाल का पिवळा कळत नाही असा त्रिकोण दिसतो, वास एंडोसल्फानसारखा येतो असं शेजारचे काका म्हणतात, ते तर २०११ पासून बंद आहे ना? नवीन मालक म्हणले ताबा झाला तरी चालेल पण दिवाळीच्या आत उचला. कुठं न्यायचा?

वायरमन_परभणी

२०११ ला सुप्रीम कोर्टानं बंद केलं, बरोबर. लाल असेल तर अतिजहाल, पिवळा असेल तरी त्याच्या खालोखाल. नळाखाली, विहिरीत, उकिरड्यावर, कुठंच ओतू नका, आणि गाडीच्या आत ठेवून तर आणूच नका. गळायलाय का?

माळवदावरचा

झाकणाजवळ थोडं ओलं दिसतं.

वायरमन_परभणी

मग हातमोजे घालून डबा उभाच ठेवून झाकणाच्या मोठ्या बादलीत ठेवा, खाली चार बोटं राख नाहीतर कोरडी माती, बादलीवर मोठ्या अक्षरात विष लिहा आणि कोठीला कुलूप. तालुका कृषी अधिकाऱ्याकडं लेखी अर्ज द्या, एक प्रत प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या तुमच्या इथल्या ऑफिसला. असला माल शेवटी रांजणगाव, तळोजासारख्या घातक कचऱ्याच्या केंद्रातच जातो, आपल्या हातानं होण्यासारखं नाही ते. अर्जावर शिक्का घेऊन पोच ठेवा, नाहीतर दिवाळी निघून जाईल. आणि रिकामे डबे तीनदा धुऊन भोकं पाडून ठेवा, नाहीतर कुणीतरी रॉकेलला नाहीतर पाण्याला नेतंच. धुतलेलं पाणी पण त्याच बादलीतल्या राखेत.

कोयत्याची_लेक (केज)

माझ्या भावानं तसलाच एक डबा मागितला होता म्हणे परवा, झाकण चांगलं आहे म्हणून. वहिनीनं नाही म्हणलं. आई कशी आहे?

माळवदावरचा

बरी आहे. सकाळी उठून दळणाची पिशवी शोधते, इथं गिरणी कुठं आहे ते अजून मलाच माहीत नाही.